पाच इंटरसेप्शन, मग बारा: पोरगा बिघडला की आकडे?

ह्यूस्टनहून एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा टेक्सन्स या तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कट्टर चाहता आहे. सी. जे. स्ट्राउड या त्यांच्या क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) २०२३ मध्ये पदार्पणाच्याच हंगामात पासांवर ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार) आणि फक्त ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) अशी कामगिरी केली, नवोदितांचा पुरस्कारही घेतला. २०२४ मध्ये ३,७२७ यार्ड, २० टचडाऊन आणि १२ इंटरसेप्शन. मुलगा म्हणतो, "बाबा, तो संपला. पासर रेटिंग शंभरावरून सत्याऐंशीवर आलंय." वडील लिहितात: "मी क्रिकेट बघत वाढलो. एका मोसमावरून कुणी संपत नाही एवढं मला कळतं. पण हा ईपीए, सीपीओई असलं काहीतरी तोंडावर फेकतो आणि माझी बोलती बंद होते. आकडे बघूनच ठरवायचं तर नेमके कुठले बघायचे?"

मी मूळचा मिरजेचा. पुण्यात संख्याशास्त्र शिकलो आणि गेली बारा वर्षं अमेरिकेत फुटबॉलच्या आकड्यांवर पोट भरतो. हंगाम चालू असताना आठवड्यातले तीन दिवस सामन्यांचं चित्रण पुढे-मागे करत एकेक खेळी नोंदवायची आणि उरलेले दिवस त्या नोंदींची गणितं करायची, असं हे काम आहे. आता २०२५ चा उन्हाळा, सराव शिबिरं सुरू व्हायला अवकाश आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तुमचं भांडण स्ट्राउड चांगला की वाईट यावर चाललंय असं तुम्हा दोघांना वाटतं. मला ते वेगळंच दिसतं. मैदानावर जे घडलं ते सगळं क्वार्टरबॅकच्या खात्यावर लिहिलं जातं. त्यातलं त्याचं स्वतःचं किती, आजूबाजूच्या दहा जणांचं आणि प्रशिक्षकाचं किती, आणि निव्वळ नशिबाचं किती, ही वाटणी करायची आहे. तरुण खेळाडूच्या बाबतीत ती अवघड, कारण हातात खेळी कमी असतात आणि परिस्थिती दरवर्षी बदलते. शिवाय विचारणारा कोण यावरही उत्तर बदलतं. तुम्हाला रविवारी सोफ्यावर बसून वाद जिंकायचाय. संघाच्या व्यवस्थापकाला पाचेक कोटी डॉलर दरवर्षी द्यायचे की नाही हे ठरवायचंय. त्याची चूक महागात पडते, तुमची फार तर आइस्क्रीमवर भागेल.

आधी पासर रेटिंगची चिरफाड करू, कारण मुलाने तेच फेकलंय. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, हे माप १९७३ पासून वापरते. त्यात फक्त चार गोष्टी जातात: किती टक्के पास पोचले, दर पासमागे किती यार्ड, किती टक्के पासांवर टचडाऊन, किती टक्क्यांवर इंटरसेप्शन. कमाल गुण १५८.३. हा विचित्र आकडा कुठून आला ते सांगत बसलो तर जेवण थंड होईल. स्ट्राउडचं रेटिंग १००.८ वरून ८७.० वर आलं, म्हणजे १३.८ गुणांची घसरण. सूत्र उलगडून चारही हिस्से वेगळे केले की दिसतं ते असं: ५.२ गुण इंटरसेप्शनमुळे गेले, ५.१ यार्डांमुळे, २.८ टचडाऊनमुळे, आणि पास पोचण्याच्या टक्केवारीमुळे एक गुणसुद्धा नाही. ती ६३.९ होती, ६३.२ झाली. पडझड फेकीच्या नेमकेपणात फारशी झालेलीच नाही, हे पहिलं निरीक्षण. आणि ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती म्हणजे सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), या सूत्रात औषधालासुद्धा नाही. त्याकडे येतोच.

इंटरसेप्शन. २०२३ मध्ये ४९९ पासांत ५, म्हणजे एक टक्का. २०२४ मध्ये ५३२ पासांत १२, म्हणजे सव्वादोन टक्के, साधारण लीगच्या सरासरीइतके. दुपटीहून जास्त! पण दोन्ही वर्षं एकत्र करा: १,०३१ पासांत १७, दर १.६५ टक्के. समजा हाच त्याचा खरा दर आहे आणि दोन वर्षांत त्याच्यात तिळमात्र बदल झाला नाही. तरी पहिल्या वर्षी आठेक इंटरसेप्शन अपेक्षित, त्यात वर-खाली तीन हा निव्वळ योगायोगाचा हेलकावा. दुसऱ्या वर्षी नऊच्या जवळ, तोच हेलकावा. पाच आणि बारा हे दोन्ही आकडे या हेलकाव्याच्या काठावरच येतात. नाणं शंभरदा उडवून एकदा पंचेचाळीस छापे आणि एकदा पंचावन्न आले तर आपण नाणं बदललं असं म्हणत नाही. एवढी एक गोष्ट मुलाला पटली तरी तुमचा अर्धा वाद संपला.

यामागचं कारण तुम्हाला क्रिकेटमुळे लगेच कळेल. फलंदाज ज्या डावात तीनदा झेल देतो आणि तिन्ही सुटतात, त्या डावात तो शतक ठोकून येतो, आणि धावफलकावर झेल सुटल्याची खूण नसते. फुटबॉलमध्येही तेच आहे. बचावपटूच्या दोन्ही हातांवर आदळून खाली पडलेला चेंडू नोंदीत नुसता ‘अपूर्ण पास’ म्हणून जातो. उलट रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) छातीवर अचूक मारलेला चेंडू त्याच्या हातातून उडून दुसऱ्याच्या हातात बसला तर तो इंटरसेप्शन होऊन क्वार्टरबॅकच्या माथी बसतो. म्हणून चित्रण बघून नोंदी करणारे लोक ‘झेल दिला होता का’ हा रकाना वेगळा ठेवतात, मग तो पकडला गेला असो वा सुटला असो. हा रकाना नुसत्या इंटरसेप्शनपेक्षा पुढच्या वर्षाबद्दल जास्त सांगतो.

उलट्या बाजूने याचा फटका कसा बसतो ते डॅनियल जोन्सच्या बाबतीत दिसलं. २०२२ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सकडून ४७२ पासांत त्याची फक्त ५ इंटरसेप्शन्स, दर १.१ टक्का. स्ट्राउडच्या पहिल्या वर्षासारखाच. पण दर पासमागे यार्ड ६.८, म्हणजे जोखीम घेतलीच नव्हती. मार्च २०२३ मध्ये चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार झाला. पुढच्या हंगामात सहा सामन्यांत २ टचडाऊन, ६ इंटरसेप्शन्स, मग गुडघा गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. जोन्सला मी दोष देत नाही. पण ज्या आकड्याकडे बघून लोक ‘आता तो परिपक्व झाला’ म्हणत होते, तो आकडा सगळ्यात जास्त बेभरवशाचा होता.

आता यार्ड. दर पासमागे ८.२ वरून ७.०. इथे मी मुलाच्या बाजूने थोडा झुकतो. एकेका फेकीत दहा यार्डांच्या आसपास चढउतार असतो. कुठे शून्य, कुठे चाळीस. पाचशे फेकींच्या सरासरीत तो अर्ध्या यार्डाच्या आत येतो. दोन वर्षांतला सव्वा यार्डाचा फरक त्यामानाने मोठा आहे. सगळाच नशिबाचा खेळ म्हणून उडवून लावता येत नाही, काहीतरी खरंच बदललं. पण काय? निको कॉलिन्स, त्याचा पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर, मांडीच्या दुखापतीने पाच सामने बाहेर. दुसरा रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज ऑक्टोबरच्या शेवटी गुडघ्याचा अस्थिबंध तुटून हंगामातून गेला. आणखी एक रिसीव्हर टँक डेल डिसेंबरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध गुडघ्याची भयंकर दुखापत होऊन गेला. आक्रमणाची योजना आखणाऱ्या बॉबी स्लोविकला संघाने जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकलं, म्हणजे आतल्या लोकांनाही सगळा दोष क्वार्टरबॅकचा वाटला नव्हता. चेंडू झेलल्यावर रिसीव्हर जे धावतो तेही क्वार्टरबॅकच्याच यार्डांत मोजलं जातं हे विसरू नका. कॉलिन्ससारखा माणूस पाच यार्डांच्या पासाचे वीस करून देतो.

तर सॅक. प्रेक्षक सॅक झाली की ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीला) शिव्या देतात. मीही पूर्वी द्यायचो. मग एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसत गेली: क्वार्टरबॅक संघ बदलतो तेव्हा त्याचा सॅकचा दर बराचसा त्याच्याबरोबर सामानात बांधून जातो. लाइनचा वाटा आहेच, पण चेंडू किती वेळ हातात ठेवायचा, पहिला पर्याय बंद दिसल्यावर दुसरीकडे नजर कधी वळवायची, आणि काहीच नसेल तर चेंडू बाहेर कधी भिरकवायचा, हे निर्णय त्याचे असतात. म्हणून मी नुसती सॅकची संख्या बघत नाही. किती वेळा बचावपटू त्याच्या अंगावर आले आणि त्यातल्या किती वेळा तो पाडला गेला, हे प्रमाण बघतो. ढोबळ मानाने पाच वेळा दबाव आला तर एक सॅक हे सर्वसाधारण. चारात एक झाली की मी भुवई उंचावतो. दबाव किती आला यात लाइनचा हात मोठा, दबावाची सॅक किती वेळा झाली यात क्वार्टरबॅकचा.

स्ट्राउड २०२३ मध्ये ३८ वेळा पाडला गेला, २०२४ मध्ये ५२ वेळा. फेकायला मागे सरला त्या खेळींच्या प्रमाणात ७.१ टक्क्यांवरून ८.९. काटेकोर हिशेब केला तर एवढा फरकसुद्धा योगायोगाने पडू शकतो. पण सॅकचा दर इंटरसेप्शनसारखा दरवर्षी कोलांट्या मारत नाही, त्यामुळे मी त्याला जास्त वजन देतो. आणि किंमत बघा: सरासरी इंटरसेप्शन संघाला चारेक गुणांना पडतं, सरासरी सॅक पावणेदोन-दोन गुणांना. सात इंटरसेप्शन्स वाढली म्हणून सगळं गाव ओरडतंय. चौदा सॅक वाढल्या त्याचं नुकसान जवळजवळ तितकंच, पण त्याबद्दल पासर रेटिंग मूग गिळून बसतं.

सॅकच्या बाबतीत परिस्थिती आणि खेळाडू एकमेकांत कसे गुंतलेले असतात याचं उत्तम उदाहरण त्याच ड्राफ्टमधला (संघांनी नवोदित निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतला), स्ट्राउडच्या आधी म्हणजे पहिला निवडला गेलेला ब्राइस यंग. कॅरोलिना पँथर्सकडून २०२३ मध्ये तो ६२ वेळा पाडला गेला, मागे सरल्यावर दर दहातून एकदा. यार्ड दर पासमागे साडेपाच. २०२४ च्या दुसऱ्या सामन्यानंतर त्याला बाकावर बसवलं, आणि ज्याला त्याच्या जागी आणलं त्या अँडी डाल्टनचा अंगठा मोटार अपघातात दुखावला म्हणून यंगला पुन्हा संधी मिळाली. नशीब म्हणजे काय ते असं. त्या हंगामाअखेर त्याचा सॅकचा दर सात टक्क्यांवर उतरला होता. प्रशिक्षक नवा, लाइनमधले दोन्ही बाजूंचे गार्ड नवे आणि महागडे, आणि यंगही चेंडू लवकर सोडायला लागला. यातलं कोणाचं श्रेय किती? मी ती वाटणी आकड्यांतून करून दाखवतो असं कुणी म्हणालं तर त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

आता ईपीए (एक्स्पेक्टेड पॉइंट्स ऍडेड), कारण तुमची बोलती तिथेच बंद होते. कल्पना सोपी आहे. मैदानावरच्या प्रत्येक स्थितीला एक भाव असतो: या जागेवरून, या डाऊनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), इतके यार्ड हवे असताना, संघ पुढे सरासरी किती गुण मिळवतो. आपल्या २५ यार्डांच्या रेषेवर पहिला डाऊन, तर भाव साधारण एक गुण. समोरच्याच्या एक यार्डावर पहिला डाऊन, तर सहाच्या आसपास. खेळीच्या आधीचा भाव आणि नंतरचा भाव यांची वजाबाकी म्हणजे त्या खेळीचा ईपीए. बाजारात सकाळी आणि संध्याकाळी भाव विचारल्यासारखं.

याचा उपयोग कुठे? समजा तिसरा डाऊन, आठ यार्ड हवेत, आणि क्वार्टरबॅकने पाच यार्डांचा सुरेख पास दिला. पास पोचला, टक्केवारी वाढली, यार्ड वाढले. पण पुढच्या खेळीला चेंडू लाथाडून समोरच्याला द्यावा लागणार. ईपीए उणे. तेच पाच यार्ड तिसऱ्या डाऊनला चार हवे असताना मिळाले तर ईपीए चांगला अधिक. जुन्या मापांना हा फरक दिसतच नाही. बरं, ही सगळी खेळी-खेळीची माहिती एनएफएलफास्टआर नावाच्या फुकट संचात १९९९ पासूनची उपलब्ध आहे. तुमच्या मुलाला आर ही संगणकाची भाषा शिकायची हौस असेल तर याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

पण ईपीए संघाचा आहे, नाव मात्र क्वार्टरबॅकचं लावलं जातं. रिसीव्हरने पास सोडला, उणे क्वार्टरबॅकच्या नावावर. बचाव फळीतला माणूस घसरून पडला आणि साधा पास साठ यार्डांचा झाला, अधिकही क्वार्टरबॅकच्याच नावावर. म्हणून मी सरासरी ईपीएच्या शेजारी एक साधा आकडा ठेवतो: किती टक्के खेळींत ईपीए शून्याच्या वर गेला. दोन-चार लांबलचक खेळी सरासरी फुगवू शकतात, पण ही टक्केवारी फुगवू शकत नाहीत. तरुण खेळाडूच्या पाचशे पासांत अशा दहा खेळींनीसुद्धा चित्र पालटतं.

सीपीओई (कम्प्लीशन पर्सेंटेज ओव्हर एक्स्पेक्टेशन) त्यामानाने क्वार्टरबॅकच्या जास्त जवळचा. चेंडू किती लांब फेकला, मैदानाच्या कुठल्या भागात, कोणत्या डाऊनला, हे बघून असा पास सरासरी किती टक्के पोचतो ते काढायचं आणि याचे जितके टक्के पोचले त्यातून ते वजा करायचं. एनएफएलच्या स्वतःच्या आवृत्तीत खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमधल्या चिपांवरून रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यातलं अंतरही धरतात. दोन यार्डांचे पास देऊन सत्तर टक्के मिरवणारा इथे उघडा पडतो. तरी एक फट उरते: जो पास फेकायला हवा होता आणि फेकलाच नाही, तो या आकड्याला दिसत नाही. सॅकही नाही. हा आकडा एकटा वापरू नका.

मग त्या फेकलेल्याच नाहीत अशा पासांचं काय? तिथे डोळेच लागतात. गेल्या वर्षी एका विद्यापीठाच्या तरुण क्वार्टरबॅकची नोंद करताना एक खेळी मी नऊ वेळा बघितली. तिसरा डाऊन, सात यार्ड. बावीसही खेळाडू दिसतील असं वरून घेतलेलं चित्रण. चेंडू हातात आला, त्याची नजर उजवीकडे, जिथे रिसीव्हरला दोघांनी घेरलंय. एक सेकंद, दीड, दोन. डावीकडे टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, पासही झेलणारा) एकटाच वळून हात वर करतोय, आजूबाजूला चार यार्ड कुणी नाही. पोराची नजर उजवीकडेच खिळलेली. दोन पूर्णांक सहा दशांश सेकंदाला लाइनमधल्या डाव्या टॅकलला चकवून बचावपटू आत आला आणि तीनच्या आत सॅक. सामन्याच्या नोंदीत एक ओळ: सॅक, उणे आठ यार्ड. आमच्या सहकाऱ्याने ती टॅकलच्या नावावर लिहिली होती, कारण टॅकल हरलाच होता. मी क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिली. दुपारभर भांडलो. शेवटी अर्धी-अर्धी लिहिली आणि चहा प्यायला गेलो. तुम्ही जे ‘प्रगत’ आकडे वाचता त्यांच्या तळाशी असे चहा आहेत.

आणि आता माझी स्वतःची फजिती, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. २०१९ च्या हंगामानंतर मी बफेलो संघाचा क्वार्टरबॅक जॉश ऍलनवर एक लांबलचक टिपण लिहिलं होतं. पहिल्या वर्षी पास पोचण्याची टक्केवारी ५२.८, दुसऱ्या वर्षी ५८.८. सॅकचा दर ८.० आणि ७.६. दोन वर्षं, ७८१ पास, आणि अचूकता ही पटकन स्थिरावणारी गोष्ट मानली जाते. माझा निष्कर्ष: धावतो सुंदर, हात तोफेसारखा, पण अचूक कधीच होणार नाही. २०२० मध्ये त्याने ६९.२ टक्के पास पोचवले, ३७ टचडाऊन, सॅकचा दर ४.३. २०२४ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तोच. ते टिपण माझ्या सहकाऱ्यांनी छापून भिंतीवर लावलं होतं, अजून आहे.

मी कुठे चुकलो याचा पुष्कळ विचार केला. २०२० च्या मार्चमध्ये डिग्ज बफेलोला आला (तोच डिग्ज, पुढे ह्यूस्टनला गुडघा गमावणारा), हे एक. ऍलनने फेकण्याची ढब सुधारली, हे दुसरं. पण माझी खरी चूक अशी की ५२.८ ते ५८.८ ही सहा टक्क्यांची चढण मी ‘अजून वाईटच’ म्हणून वाचली. चोवीस वर्षांच्या पोरात दिशा काय आहे याला मी शून्य किंमत दिली. आता देतो. मात्र उलटा धोकाही सांगतो: ऍलननंतर दर हंगामात कुठला ना कुठला संघ आपल्या धडपडणाऱ्या क्वार्टरबॅककडे बोट दाखवून ‘ऍलनलाही वेळ लागला होता’ म्हणतो. ज्यांना वेळ लागला आणि तरी जमलं नाही असे कितीतरी आहेत, त्यांची नावं कुणी घेत नाही म्हणून ती आठवत नाहीत एवढंच. प्रशिक्षक बदलल्यावर सावरलेलेही आहेत. ट्रेव्हर लॉरेन्सने पहिल्या वर्षी १२ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन्स दिली, संघाचा प्रशिक्षक हंगाम संपायच्या आतच गेला, आणि पुढच्या वर्षी २५ आणि ८.

तर स्ट्राउडचं मी काय करतो? पहिल्या वर्षीचा स्ट्राउड खरा की दुसऱ्या, असं निवडत बसत नाही, दोन्ही एकाच वहीत मांडतो. दर पासमागे ७.६ यार्ड, इंटरसेप्शन १.६५ टक्के, सॅक आठ टक्के. मग त्यात थोडं लीगच्या सरासरीचं पाणी घालतो, कारण हजार पास फार वाटले तरी फार नाहीत. इंटरसेप्शनमध्ये जास्त पाणी, सॅकमध्ये कमी. जे उरतं तो सरासरीहून बऱ्यापैकी वरचा, फेकीत अचूक, पण चेंडू जरा जास्त वेळ धरणारा क्वार्टरबॅक. पहिल्या वर्षी त्याला पुढचा महान खेळाडू म्हणणारे घाई करत होते, आणि आता तुमचा मुलगा करतोय. फक्त तिकडे इंटरसेप्शन कमी होती म्हणून, इकडे वाढली म्हणून.

मी संघाच्या जागी असतो तर? पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्यात कळवावं लागतं. स्ट्राउडसाठी ती तारीख मे २०२६. ते पाचवं वर्ष मी आजच्या माहितीवर डोळे झाकून घेतलं असतं. लांब मुदतीचा, लॉरेन्सला २०२४ मध्ये मिळाला तसा वर्षाला साडेपाच कोटींचा करार मात्र आज केला नसता. तिसऱ्या वर्षी नवा योजनाकार निक केली आला आहे, आणि मार्चमध्ये लाइनमधला सगळ्यात नावाजलेला माणूस, डावा टॅकल लॅरेमी टन्सिल, वॉशिंग्टनला गेलाय. म्हणजे दबाव बहुधा कमी होणार नाही. अशा वर्षात सॅकचा दर खाली आला तर ते श्रेय मी बरंचसं स्ट्राउडला देईन. वर गेला तर मात्र दोष कुणाचा हे ठरवणं कठीण, आणि तेव्हा मला पुन्हा चित्रण बघत बसावं लागेल.

तुमच्यासाठी शेवटी एक घरगुती उपाय. सप्टेंबरपासून पहिले सहा सामने वही घेऊन बसा. टचडाऊन-इंटरसेप्शन लिहू नका, ती सगळीकडे फुकट मिळतात. स्ट्राउड फेकायला मागे सरला की मुलाने मोठ्याने मोजायचं, एक-हजार-एक, एक-हजार-दोन, एक-हजार-तीन. तीनच्या पुढे गेला की एक रेघ. बचावपटूच्या हातात चेंडू लागला, धरला असो वा सुटला असो, की दुसऱ्या रकान्यात रेघ. अंगावर माणूस आला आणि तरी चेंडू सुटला की तिसऱ्यात. सहाव्या सामन्याच्या रात्री वहीचा फोटो पाठवा. अक्षर वाईट असलं तरी चालेल.